मामीने कुटलेली गोळी

माझा मामा न्हावी आहे, आणि त्याच्या वस्तऱ्याखाली मान द्यायला लोक नंबर लावून बसतात. बसायचे, असं म्हणायला हवं. कारण त्याला ब्लडप्रेशरची गोळी सुरू झाली आणि रोज सकाळी दुकान उघडून दोन दाढ्या होतात न होतात तोच गरगरायला लागलं. गिऱ्हाईकाच्या गळ्यावर वस्तरा आणि मामाच्या डोळ्यांपुढे काजवे! एकदा तर गिऱ्हाईकालाच उठून त्याला खुर्चीत बसवावं लागलं. त्या दिवशी त्याने वस्तरा मिटला आणि घरी येऊन सांगितलं, की दुकान देऊन टाकतो. रविवारी एक जण बघायला येतोय. त्या रात्री पातेल्यातली भाजी तशीच उरली.

त्यातच गोळ्या संपल्या. आणायला मी निघाले. मामाच्या घशाखाली गोळी उतरत नाही. अख्खं केळं दोन घासांत संपवेल, पण गोळी दिसली की घसा बंद. म्हणून मामी रोज सकाळी ती कुटायची, डोळ्यात गेली तरी खुपणार नाही इतकी बारीक, आणि मधातून चाटवायची. तिचं मनगट दुखतं, तेव्हा हेच औषध पातळ मिळतं का विचारावं, असं मी ठरवलं. मला हल्ली कोणालाही काहीही विचारता येतं. पूर्वी सुटे मागायलाही मी धाकट्या भावाला पुढे ढकलायचे. पण शाळेच्या नाटकात ऐन वेळी राणी झाले, आणि तेव्हापासून घरचे माझा आवाज कमी करायचं बटण शोधताहेत.

औषधवाल्या बाईंचा हात गोळ्यांच्या पाकिटावरच थांबला.

"कुटून देता? ही?"

"एकदम बारीक," मी अभिमानाने म्हणाले.

त्यांनी मला स्टुलावर बसवलं. गोळीत खरं औषध चिमूटभरच असतं, म्हणाल्या. ते आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करतं, म्हणून रक्ताचा दाब उतरतो. बाकीचा सगळा मसाला त्या चिमटीला धरून ठेवायला. ही गोळी पोटात गेली की फुगते आणि दिवसभर थोडं थोडं औषध सोडते. कुटली की धरणारं कोणी राहत नाही. दिवसाचं औषध तासाभरात रक्तात. दाब धाडकन खाली आणि माणूस गरगर.

त्यांनी तिथूनच डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टरांनी ती गोळी बंद करून दुसरी दिली, पाण्यात विरघळणारी.

मी घरापर्यंत पळत आले आणि दारात अडकले. मामाला सांगणं सोपं होतं. पण मामी? शेवटी राणीचा आवाज न लावता, हळू सांगितलं. मामी मटकन खाली बसली.

"म्हणजे मीच याला पाडत होते," ती म्हणाली.

मामा तिच्याशेजारी जमिनीवरच बसला. "घसा माझा नाजूक. कुटून दे म्हणालो मी. अन् दोष तू एकटीच घेणार? अर्धा इकडे दे."

मामी रडता रडता हसली, आणि पदराने नाक पुसत तिने, डॉक्टरांना आधी का नाही विचारलंस म्हणून त्याला झापलंसुद्धा. तेव्हा मला बरं वाटलं.

नव्या औषधाने गरगर थांबली. मामाने आधी स्वतःची दाढी केली, मग आमच्या बाबांची. बाबा डोळे घट्ट मिटून बसले होते. रविवारी तो दुकान बघणारा आला. त्याने खुर्च्या हलवून पाहिल्या, आरशांवर बोट फिरवलं आणि भाव विचारला. मामा म्हणाला, "ते नंतर. आधी बसा, दाढी वाढलीय तुमची."

फेस लागला. वस्तरा उघडला. मामी दारात उभी, मी तिच्या मागे. मामाचा हात कानापासून हनुवटीपर्यंत एका दमात उतरला, मग गळ्यावर, हलकेच. दुसरा गाल होईपर्यंत तो माणूस घोरायला लागला.

मामाने आमच्याकडे बघून ओठांवर बोट ठेवलं आणि वस्तरा पुसून पुन्हा हातात घेतला.