आपलं तेवढं सांगावं

त्या शुक्रवारी जेनिनानं भर मंडळीत आपलं पाप कबूल केलं आणि ती मोकळी झाली. अडकली ती केझिया.

आमच्या रुहिता डोंगरावर प्रभूनं तारलेल्या लोकांची रीतच तशी आहे. दर शुक्रवारी दुपारी कुदळी बाजूला ठेवून सगळे देवळात जमतात आणि ज्याच्या मनात काही सलत असेल तो उठून साक्ष देतो. कुणी शेजाऱ्याचा बांध हातभर सरकवलेला असतो, कुणी बाजाराच्या दिवशी चोरून दारू प्यालेला असतो. सांगून झालं की गाणं होतं, लोक गळ्यात पडतात आणि त्या गोष्टीचा पुन्हा कुणी उच्चार करत नाही. रीत चांगली आहे. मी तिच्यातच वाढलो. पण तिचा एक नियम आहे आणि तो पोराटोरांनाही पाठ असतो: आपलं तेवढं सांगावं, दुसऱ्याचं त्याच्यावर सोडावं. त्या दिवशी तो कुणालाच आठवला नाही.

जेनिना उठली, डोक्याचा रुमाल नीट केला आणि रडत रडत म्हणाली, "भावांनो, बहिणींनो, मी दलदलीपलीकडच्या देवऋषीकडे गेले होते. केझियाताईच्या पायासाठी. ती चल म्हणाली आणि मला नाही म्हणवेना. आज मी ते ओझं प्रभूच्या पायाशी टाकते."

केझिया पुढच्याच बाकावर बसली होती. बावीस वर्षं ती बायकांच्या प्रार्थना-संगतीची पुढारी. गाणं उचलायचं ते तिनंच. त्या दिवशी गाणं मागून दुसऱ्याच कुणीतरी उचललं. सगळे जेनिनाभोवती गोळा झाले, तिचे डोळे पुसले, तिला मिठ्या मारल्या. केझियाजवळ कुणी आलं नाही. जाता जाता बायका तिच्या पायाकडे तेवढं बघून गेल्या.

घरी येऊन ती खाटेवर बसली. रागानं तिला रडूसुद्धा येईना. परक्यानं केलं असतं तर तिनं सोसलं असतं. पण जेनिना परकी नव्हती. दोघी एकाच वर्षी लग्न होऊन या डोंगरावर आल्या होत्या, एकमेकींची बाळंतपणं केली होती. केझियाचा नवरा गेला तेव्हा महिनाभर जेनिना आपलं घर सोडून तिच्या शेजारी झोपली होती. आणि कहर म्हणजे जेनिनानं मंडळीत सांगितलं ते सगळं खरं होतं, एक गोष्ट सोडून. 'चल' असं केझिया म्हणालीच नव्हती.

झालं होतं असं. फेब्रुवारीत बटाटे काढताना केझिया वरच्या बांधावरून खालच्या वाफ्यात पडली आणि तेव्हापासून तिच्या उजव्या खुब्यात ठणका बसला. मंडळीनं तीनदा तिच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली. तिन्ही वेळा ती मोठ्यानं आमेन म्हणाली आणि तिन्ही वेळा लंगडतच घरी गेली. दवाखान्यातल्या नर्सनं सांगितलं, खाली कबालेच्या मोठ्या इस्पितळात जा, हाडाचा फोटो काढावा लागेल. पण ज्या बाईनं बावीस वर्षं दुसऱ्यांच्या खाटेशी बसून 'धीर धर, दुबळ्यालाच प्रभू बळ देतो' असं सांगितलं, तिला आता डोलीत घालून खाली न्यायचं, याची तिला लाज वाटत होती. दुसऱ्याच्या दुखण्यात धीर द्यायला काय जातं! स्वतःच्या खुब्यात खिळा ठोकल्यासारखं होतं तेव्हा कळतं.

अशातच एका सकाळी जेनिना म्हणाली, "अगं, किती दिवस कण्हत बसणार? चल माझ्याबरोबर. मला वाट माहीत आहे." चटईसाठी लव्हाळे कापायच्या निमित्तानं दोघी विळे घेऊन निघाल्या. केझिया गेली हे खरं. तिला कुणी ओढत नेलं नाही. देवऋषीनं राख फुंकली, एक मुळी दिली, आणि पाय होता तसाच राहिला.

जेनिनाला ती वाट कशी माहीत, हेही एकट्या केझियालाच ठाऊक होतं. दहा वर्षांपूर्वी जेनिनाचा नवरा झेबुरोनी कबालेत एका दारूवालीच्या घरी पडून असायचा. तेव्हा नवरा परत यावा म्हणून जेनिनानं त्याच देवऋषीकडून एक मंतरलेली पुरचुंडी आणली आणि आपल्या चुलीच्या दगडाखाली पुरली. दगड जड होता. दुसऱ्या बाजूनं तो केझियानं उचलला होता. दोन महिन्यांनी झेबुरोनी परत आला, देवळात ढसाढसा रडला आणि तारला गेला. आता तो डोलीवाल्यांचा म्होरक्या आहे. दर दोन-चार शुक्रवारांनी तो उठून सांगतो की, मला त्या दारातून एकट्या प्रभूनं उचलून आणलं. जेनिना मान खाली घालून ऐकते. पुरचुंडी अजून तिथंच आहे.

आठवड्यानं पाळक कामुगिशा केझियाकडे आले. भले गृहस्थ, कुणाला टोचून बोलणार नाहीत.

"ताई, काही दिवस संगतीचं काम दुसऱ्या कुणाकडे देऊ या," ते म्हणाले. "तुम्ही येऊन साक्ष द्या, म्हणजे झालं."

"माझी साक्ष झाली की, पाळकसाहेब. जेनिनानं दिली ना. एकाच पापाची दोनदा कशाला?"

पाळक उठून गेले.

केझियानं देवळात जाणं सोडलं. प्रार्थना सोडली नव्हती, पण तोंड उघडलं की प्रभूशी भांडणच निघायचं. तीनदा मागितलं, दिलं नाहीस. वर मैत्रीणही नेलीस. जेनिनावर चिडावं की जेनिनावर खूश झालेल्या देवावर, हेच तिला कळेना. मग ताप येऊ लागला. झेबुरोनी दोनदा डोली घेऊन दारात आला आणि दोन्ही वेळा तिनं त्याला परत पाठवलं. "माझे पाय आहेत अजून," म्हणाली.

एक दिवस जेनिनाच आली. ज्वारीच्या आंबिलीनं भरलेला तुंबा पुढं ठेवून ती दारातच गुडघ्यांवर बसली.

"देवऋषीनं सांगितलंय का पाजायला?" केझियानं विचारलं.

"मार टोमणे. माझं चुकलंच."

"चुकलं कसं? सगळ्यांनी मिठ्या मारल्या तुला. मी बघितलं ना."

"ताई, मला घास गिळवत नव्हता गं. छातीवर दगड ठेवल्यासारखं व्हायचं."

"मग आपला दगड काढायचास. माझा कशाला काढलास? तू अंघोळ करून स्वच्छ झालीस आणि चिखल सगळा माझ्या दारात!" केझियाचा आवाज चढला. "आणि दगडच काढायचा होता, तर चुलीखालचा का नाही काढलास?"

जेनिनानं घाईनं मागं वळून पाहिलं.

"हळू बोल ना. घरी ह्यांना कळलं तर ते संपतील. त्यांचा सगळा विश्वास त्या एका गोष्टीवर उभा आहे, ताई."

"आणि माझा कशावर उभा होता?"

जेनिना डोळे पुसत उठून गेली. केझियानं आंबील कोंबड्यांपुढं ओतली.

पण आपल्या हातात काय आहे, हे तिला त्या दिवशी नीट कळलं. गुरुवारी तिनं झेबुरोनीला निरोप पाठवला: उद्या डोली आणा, कबालेला जाते, वाटेत देवळात थांबवा, साक्ष द्यायची आहे. झेबुरोनीला इतका आनंद झाला की त्यानं तो निरोप चार घरी सांगितला. बिचाऱ्याला काय माहीत! केझियानं सगळं ठरवलं होतं. आपली कबुली द्यायची, आणि त्या कबुलीतच जेनिनाच्या चुलीखालचंही उकरायचं. जेनिनानं जसं केलं तसंच, त्याच देवळात, रडत रडत.

डोलीला आमच्याकडे एन्गोझी म्हणतात. विणलेली लांबट पाटी आणि दोन बांबू. चौघं खांद्यावर घेतात, चौघं बदलीला मागून चालतात. पुढं एक बाई गाणं सांगते, म्हणजे पावलं ठेक्यात पडतात. इतकी वर्षं ती बाई केझियाच होती. किती आजाऱ्यांना आणि किती मेलेल्यांना तिनं गात गात खाली नेलं होतं. आज पहिल्यांदा तिला डोली आतून दिसली. वर आभाळ, आणि शेजारी झेबुरोनीचा घामेजलेला कान. तिच्या कपड्यांचं गाठोडं घेऊन जेनिना मागून चालत होती. गाठोडं शेजारणीनं धरायचं अशी रीत, आणि तेवढी रीत मोडायची हिंमत जेनिनात नव्हती.

"जड झाले का रे, झेबुरोनी?"

"तुम्ही? अहो, तुमच्यापेक्षा आमचं बटाट्याचं पोतं जड!" मागचे सगळे हसले. थोडं चालल्यावर झेबुरोनी आवाज खाली आणून म्हणाला, "ताई, तिनं तुमचं नाव घ्यायला नको होतं. मी त्याच दिवशी तिला बोललो. मी त्या दारूवालीच्या दारात पडलो होतो ना, तेव्हा प्रभूनं माझं पाप दुसऱ्या कुणाकडून वदवलं नाही. मी माझ्या तोंडानं सांगेपर्यंत थांबला तो."

केझियानं डोळे मिटून घेतले. तिला हे ऐकायचं नव्हतं.

देवळाच्या वरच्या उतारावर माती सुटली होती. तिथं झेबुरोनीचा पाय घसरला. खांद्यावरचा बांबू सोडून दिला असता तर तो सावरला असता. त्यानं सोडला नाही. गुडघा दगडावर आपटला, पँट फाटली, रक्त आलं, पण बांबू खांद्यावर तसाच धरून तो बसला आणि डोली बोटभरसुद्धा कलली नाही.

"बऱ्या आहात ना, ताई?" त्यानंच विचारलं.

केझियाला त्याचा भयंकर राग आला. याला इतकं चांगलं वागायला आजचाच दिवस मिळाला होता का?

देवळात डोली पुढच्या बाकापाशी उतरवली. पाळक म्हणाले, "बसूनच बोला, ताई."

"उभ्यानं बोलणार," केझिया म्हणाली आणि उठली. पण पायात बळच नव्हतं. ती कोसळली असती, तेवढ्यात गाठोडं टाकून कुणीतरी तिला काखेत धरलं. जेनिनानंच. केझियानं तिचा खांदा पकडला, नखं रुतेपर्यंत पकडला. आता काय होणार हे जेनिनाला कळलं होतं. ती डोळे घट्ट मिटून वाट पाहत होती, पण खांदा तिनं काढून घेतला नाही.

शब्द केझियाच्या जिभेवर तयार होते. दाराशी झेबुरोनी गुडघ्याला फडकं बांधत होता आणि साक्ष ऐकायला मिळणार म्हणून त्याचा चेहरा नुसता फुलला होता. तिनं मनाशी ओळखलं की, गप्प बसायचं बळ आपल्यात नाही. जरासुद्धा नाही. इतकी वर्षं तिनं मंडळीपुढं लांबलचक, देखण्या प्रार्थना केल्या होत्या. आत्ता तिच्याजवळ दोनच वाक्यं होती: पायाचं राहू दे, प्रभू. माझं तोंड धर.

मग ती बोलली.

"मी देवऋषीकडे गेले. माझ्या पायांनी गेले, मला कुणी ओढून नेलं नाही. दुखणं सोसवेना म्हणून गेले. तुम्हा सगळ्यांना धीर धरा म्हणून सांगितलं, आणि मला धरवला नाही. आणि आज इथं येताना मी तोंडात विष घेऊन आले होते. कुणासाठी, ते सांगणार नाही. विष माझं होतं, तेवढंच सांगते."

ती थांबली. तिनं जेनिनाला क्षमा केली होती असं नाही. जेनिनाचा हात तिला अजून नकोसा वाटत होता, आणि त्या घरची आंबील ती पुढं कित्येक महिने पिणार नव्हती. फसवलं गेल्याचं दुःख जिथल्या तिथं होतं. पण तिचं तोंड कुणीतरी धरलं होतं आणि धरणारी ती स्वतः नव्हती, हे तिला पक्कं ठाऊक होतं. भीती वाटावी इतकं पक्कं.

दोघा डोलीवाल्यांनी तिला अलगद डोलीत बसवलं. पाळकांनी जुन्या सवयीनं गाण्यासाठी तिच्याकडेच पाहिलं. केझियानं श्वास घेतला, पण गाणं उचललं नाही. कारण जेनिना अजून उभी होती. आता तिला कुणी धरलेलं नव्हतं आणि तिनंही कुणाला धरलेलं नव्हतं.

"अगं, बस की," झेबुरोनी दारातून हळूच म्हणाला. "ताईंना कबालेला पोचायला उशीर होतोय."

जेनिना बसली नाही. तिनं त्या शुक्रवारसारखाच डोक्याचा रुमाल नीट केला आणि साक्ष द्यायला नवऱ्याकडे तोंड वळवलं.