महानंदाचा उपास

श्रीमंत शिंप्याच्या घरी पाहुणा आला, की चुलीवर चहा चढायच्या आधी एक थाप तयार असायची. पाहुण्यानं पोरीच्या हातावर पेढा ठेवायला हात पुढं केला, की श्रीमंत मशीनवरूनच ओरडायचा, "नका नका! तिचा कडक उपास हाय."

सोमवारी महादेवाचा, मंगळवारी देवीचा, गुरुवारी दत्ताचा, शनिवारी मारुतीचा. बुधवारी कोणता देव धरावा हे त्याला सुचत नसे, म्हणून बुधवारी तो "पोट बिघडलंय" म्हणायचा. सात वर्षांची महानंदा कोपऱ्यात बसून पेढ्याकडं बघत राहायची आणि तिची आई कलाबाई चहात साखर घालता घालता पदरानं डोळे पुसायची.

मंडळी, ही बसवकल्याण तालुक्यातल्या कोहिनूरची १९८६ सालची गोष्ट. गाव बदलून वाचली तरी चालेल, कारण असं खोटं बोलणारी घरं गावोगाव आहेत.

खरं काय होतं ते सांगतो. दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या तोंडावर श्रीमंतनं घरी साबण करायचा घाट घातला. कॉस्टिक सोडा आणला, पाण्यात विरघळवला आणि ठेवला कुठं? पाणी प्यायच्या पेल्यात! तोही उघडा, हाताशी येईल असा. अंगणात खेळून धापा टाकत आलेल्या पोरीनं पाणी समजून तो तोंडाला लावला. एकच घोट. पण तेवढ्यानं अन्ननळी आतून भाजून निघाली, पुढं ती आवळत गेली आणि घास उतरेनासा झाला. सोलापूरच्या मोठ्या दवाखान्यात डॉक्टरांनी पोटाला लहानसं भोक पाडून रबराची नळी बसवली. "आता हिचं जेवण या वाटेनं. वजन अठरा किलो झालं की घेऊन या, ऑपरेशन करून घशाची वाट पुन्हा मोकळी करू," असं त्यांनी सांगितलं.

तेव्हापासून कलाबाई डाळ-ज्वारीची पातळ पेज मलमलीतून गाळायची, नळीच्या तोंडाला नरसाळं लावायची आणि हात उंच धरून हळूहळू सोडायची. दार लावून, खिडकीला चादर बांधून! श्रीमंतची तशी ताकीदच होती. स्वतः तो पोरीचे फ्रॉक असे शिवायचा, की पोटावर झालरीवर झालर. नळी कुणाच्या बापाला दिसू नये. गावात इतक्या झालरी नवरीच्या अंगावरही नसायच्या.

पण कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहतं थोडंच? ते वजनाच्या काट्यावर फुटलं.

गावच्या दवाखान्यातल्या नर्स सरुबाई दर महिन्याला पोरीचं वजन करायच्या. सरुबाई बौद्धवाड्यातल्या, गावातून शिकून नोकरीला लागलेली पहिली बाई. बोलणं स्पष्ट, कुणाची भीडभाड नाही. त्या दिवशी त्यांनी काट्याकडं बघितलं आणि श्रीमंतला समोर बसवलं.

"श्रीमंतअण्णा, मागल्या महिन्यात साडेतेरा, आज तेरा. पोर वाढायची सोडून आटायलीय. कामून?"

कलाबाई बोलली, "घरात माणूस बसलेलं असलं की हे खायला घालू देत न्हाईत, अक्का. गिऱ्हाईक उठेस्तोवर पोर तशीच बसती."

"व्हय का हो?"

"चार लोकांपुढं नळी कशी काढावी, नर्सबाई?"

"तुम्ही भाकर खाताना दार लावता का? तुमचा घास तोंडात जातो, तिचा पोटात जातो. पोचतो एकाच ठिकाणी!"

"लोक इचारतेत. कशानं झालं म्हणून." श्रीमंत म्हणाला. "काय सांगू त्यांना?"

सरुबाईंनी खुर्ची पुढं ओढली. दोन वर्षांत तो आज पहिल्यांदा खरं बोलला होता. "मंजे लाज नळीची न्हाई. लाज त्या पेल्याची हाय. अण्णा, चूक तुमची, आन् उपाशी पोरीनं राहायचं? हा कुठला न्याय?"

तेवढ्यात महानंदानं आपला अर्ज पुढं केला, "नर्सबाई, मला गुलबर्ग्याच्या जत्रंत मोठ्या पाळण्यात बसायचंय. अप्पा न्हाई म्हणायलेत."

"कामून न्हाई? जायचं!" सरुबाई म्हणाल्या आणि कलाबाईला जवळ बसवून त्यांनी सगळं समजावलं. "दूध नेऊ नगंस, फाल्गुनाच्या उन्हात नासतंय. ज्वारी न् मूगडाळ भाजून बारीक दळ, दोनदा चाळ. थर्मासात उकळतं पाणी घे. येळंवर कालव, साखर न् चमचाभर तेल घाल, गाळ, मनगटावर थेंब टाकून बघ. मागून उकळून गार केलेलं पाणी सोडायचं इसरू नगंस, नळी चोंदली की झालं कल्याण. तीन-तीन तासांनी दे. आन् दिल्यावर तासभर ताठ बसव. लगेच पाळण्यात घातलंस तर सगळं उलटून येईल."

होळी झाली आणि तिघं सकाळच्या बसनं निघाली. महानंदाच्या अंगावर नवा पिवळा फ्रॉक होता. झालरी किती होत्या ते विचारू नका. सातला पेज पोटात घालून घरून निघालेली पोर खिडकीशी बसून वाटेतली झाडं मोजत होती.

बसमध्ये गावचे हरिबा भेटले. हरिबा म्हणजे सत्तरीचे, मनानं चांगले, पण तोंडाला कुलूप नसलेले. त्यांनी पोरीपुढं शेंगदाण्याची पुडी धरली. श्रीमंतच्या जिभेवर उत्तर तयारच होतं. "कडक उपास हाय तिचा."

"आजबी?" हरिबांचे डोळे मोठे झाले. "मी दोन वर्सं बघायलोय. ह्या पोरीनं माझ्यापुढं अन्नाचा कण तोंडात घातला न्हाई!" आणि मागं वळून त्यांनी सगळ्या बसला सांगितलं, "बघा हो! सात वर्साची पोर, आन् अन्नाला शिवत न्हाई!"

बायका माना वळवून बघू लागल्या. एकीनं बसल्या जागी हात जोडले. खोटं नाकारावं तर नळी उघडी पडते, म्हणून श्रीमंत बाहेर बघत राहिला.

कमलापूरला बसचं चाक बसलं. दहा वाजून गेले. उतारू झाडाखाली लाल केळी सोलत बसले. कलाबाईनं पिशवीतलं नरसाळं काढलं तसा श्रीमंतनं तिचा हात धरला.

"इथं न्हाई. माणसं बघायलेत. गुलबर्ग्याला गेल्यावर आडोसा बघू."

"येळ झालाय हो तिचा."

"थोडा दम धर."

दम कुणी धरायचा होता? तेरा किलोच्या पोरीनं! ती आईच्या मांडीवर डोकं टेकून पडून राहिली. आता ती झाडं मोजत नव्हती.

जत्रेत पोचेपर्यंत एक वाजला. गर्दी अशी, की आडोसा म्हणून चार हात जागा मिळेना. मोठ्या पाळण्यापाशी जरा सावली होती, तिथं तिघं टेकली न टेकली तोच हरिबा आले. एकटे नव्हे, मागं पंधरा-वीस माणसं घेऊन.

"हीच ती पोर! दोन वर्सं निराहार!"

बघता बघता कोंडाळं झालं. कुणी नारळ ठेवला, कुणी पोरीच्या कपाळाला कुंकू लावलं. एक तरुण बाई तापानं फणफणलेलं तान्हं घेऊन पुढं आली. भागाबाई तिचं नाव. तिनं ते लेकरू महानंदाच्या पायाशी ठेवलं आणि हात जोडून म्हणाली, "आई, तीन दिस झाले, ताप उतरंना. हात फिरीव माज्या लेकरावर."

महानंदानं एकदा त्या बाळाकडं बघितलं, एकदा बापाकडं. तिचे ओठ पांढरे पडले होते. उपासाच्या भाराखाली दबलेली ती पोर रडवेल्या आवाजात म्हणाली,

"अप्पा, मला भूक लागली."

"देवीला कुठली भूक, माय!" हरिबा गहिवरून म्हणाले आणि त्यांनी आपलं पागोटं तिच्या पायावर टेकवलं.

ज्या पोरीला श्रीमंत लोकांच्या नजरेपासून लपवत होता, तिच्याभोवती आज शंभर माणसं उभी होती, आणि त्या शंभरांत तिच्या पोटात दोन घोट घालणारं कुणी नव्हतं. आजारी बाळ दवाखाना सोडून तिच्या पायाशी तळमळत होतं. हे सगळं कुणी केलं? देवानं? छे! त्याच्या जिभेनं केलं. सरुबाईंचा प्रश्न त्याच्या कानात घुमला. चूक तुमची, आन् उपाशी पोरीनं राहायचं?

श्रीमंतनं खिशातली धागे तोडायची छोटी कात्री काढली. पोरीपुढं गुडघे टेकले आणि स्वतःच्या हातानं घातलेली टाक्यांची रांग कराकरा उसवली. झालरी खाली पडल्या, पोटावरचं कापड उघडलं. नळी सगळ्यांना दिसली.

"ही देवी न्हाई!" तो ओरडला. "माझी पोरगी हाय! नळीनं जेवती, रोज जेवती. मी खोटं बोललो!"

गर्दीत एकदम कुजबुज उठली. कुणी "अगं बाई!" म्हणून तोंडाला पदर लावला. हरिबा पुढं वाकले. "मग... मग हे कशानं झालं रं?"

तो प्रश्न आलाच. दोन वर्षं ज्याच्या भीतीनं त्यानं दारं लावली, तोच प्रश्न. श्रीमंतनं उत्तर दिलं.

"माझ्यानं झालं. साबणाचा सोडा मी प्यायच्या पेल्यात ठेवला. पोर पाणी समजून प्यायली. माझी लाज झाकायला मी तिला उपाशी ठेवायलो. कले, काढ नरसाळं!"

कलाबाईला काम पाठ होतं. तिनं थर्मास उघडला, पीठ कालवलं, गाळलं, मनगटावर थेंब टाकून बघितला. पातळ पेज नरसाळ्यातून हळूहळू उतरू लागली. नरसाळं उंच कुणी धरलं होतं माहीत आहे? श्रीमंतनं! भर जत्रेत, हात वर करून. दोन-चार माणसं तोंड फिरवून निघून गेली. जाऊ द्या त्यांना! भागाबाई मात्र जागची हलली नाही. पोरीच्या तोंडावर ऊन आलं होतं, तर तिनं आपला पदर पसरून सावली धरली.

"माय," श्रीमंत तिला म्हणाला, "माझ्या पोरीच्या हातात काय बी न्हाई. तुझ्या लेकराला डॉक्टरकडं ने. आत्ता ने!"

हरिबांनी पागोटं पुन्हा डोक्याला बांधलं. "मी बी लई बडबडलो. चल बाई, मी दाखवतो दवाखाना," असं म्हणून ते तिला घेऊन निघाले.

पाळणेवाला गुरप्पा हे सगळं उभा राहून बघत होता. पेज संपली, मागून पाणी सोडून झालं, पोरीच्या गालावर रंग आला, तसा तो हसत पुढं आला. "बर्री अण्णा, बर्री! या, बसवा पोरीला. पैसे नगं."

"एक तास थांबायचंय, गुरप्पाअण्णा," श्रीमंतनं सांगितलं. "आत्ताच जेवली हाय."

ते 'जेवली हाय' त्यानं इतक्या मोठ्यानं सांगितलं, की कलाबाईला रडता रडता हसू फुटलं. गुरप्पानं पोरीला बसायला आपली खुर्ची आणून दिली. तास भरला तशी कलाबाईनं नळी गुंडाळून फडक्यानं पोटाशी घट्ट बांधली आणि बाप-लेक पाळण्यात बसले. गुरप्पानं पाळणा सावकाश फिरवला. वर, आणखी वर! खाली सगळी जत्रा पसरली होती. महानंदानं दोन्ही हात हवेत फेकले आणि जीव खाऊन ओरडली,

"आई गं! मी हितं हाय! सगळ्यांना दिसायलीय!"

खालच्या माणसांनी टाळ्या पिटल्या. श्रीमंतनं मात्र डोळे पुसून घेतले.

गावी परतल्यावर त्यानं पोरीला नवा फ्रॉक शिवला. त्याला झालर नव्हती. पोटापाशी दोन बटणांची पट्टी होती आणि नळी ठेवायला छानसा लाल खिसा. घराचं दार दिवसभर उघडं राहू लागलं. पाहुणे असोत की गिऱ्हाईक, तीन तास झाले की पेज व्हायचीच. "बसा हो, पोरीचं जेवण हाय," एवढंच श्रीमंत म्हणायचा. चार दिवस लोक टक लावून बघत राहिले आणि पाचव्या दिवशी ज्याच्या त्याच्या कामाला लागले. लोक काय म्हणतील, म्हणून आपण जन्मभर भितो, आणि लोकांची गंमत ही, की ते चार दिवसांत विसरतात!

महिनाभरानं हरिबा खबर घेऊन आले, की भागाबाईचं लेकरू दवाखान्यात बरं झालं. जत्रेतली गोष्ट ऐकून निंबर्ग्याहून एक जोडपं आपला नळीवरचा मुलगा घेऊन आलं आणि खिशाचा सदरा शिवून घेऊन गेलं. दिवाळीत सरुबाईंच्या काट्यानं साडेपंधरा दाखवले. पुढच्या दिवाळीला अठरा! सोलापूरला ऑपरेशन झालं, घसा मोकळा झाला, आणि तिथून परतल्यावर महानंदानं पहिला घास घेतला तो सरुबाईंच्या हातचा, मऊ दूधभाताचा. साऱ्या गल्लीसमोर!

श्रीमंतच्या दुकानात आजही छताला एक कुलूपबंद डबा टांगलेला दिसतो. त्याच्यावर लाल चिंधी बांधलेली आहे. हे काय, असं कुणी विचारलंच तर तो मशीन थांबवून सांगतो,

"सोडा हाय. झाकून ठेवायचा तो मी उघडा ठेवला, आन् उघड्यावर वाढवायची ती पोर झाकून ठेवली. तुम्ही तसं करू नगासा."

वाचकहो, आपल्याही घरात एखादा असा पेला आणि एखादं असं लेकरू नाही ना, हे आज जरा उठून बघा. आजार हा शाप नव्हे आणि चमत्कारही नव्हे. नळीनं जेवणाऱ्या मुलाला नमस्कार नको, कीव नको. त्याला वेळेवर जेवण हवं, चारचौघांत बसायला जागा हवी, आणि जत्रा आली की पाळण्यातला एक फेरा हवा!