माझ्या खोलीतला नऊ नंबर

क्लबच्या सभेत मी बोलायला उभी राहिले तेव्हा शेजारी बसलेल्या बाबांनी माझी बाही ओढली. मला वाटलं, जोर दे म्हणतायत. मी जोर दिला.

मला नुकतंच सोळावं लागलं होतं. त्यामुळे क्लबचं सभासदत्व, मत आणि बोलायचा हक्क असं सगळं एकदमच अंगावर आलं होतं. त्यात शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेत माझा तिसरा नंबर आलेला. स्पर्धक तीनच होते, पण ते काही प्रशस्तिपत्रावर छापत नाहीत.

सभेपुढचा प्रश्न सोपा होता. अर्धा हंगाम संपला होता आणि आमचा फुटबॉल संघ तळाला होता. तळाचा संघ खालच्या गटात जातो. तर मैदानावरच्या छपरासाठी साठवलेले पैसे मोडून आत्ताच नवे खेळाडू विकत घ्यायचे का? घ्यावेत असं सगळ्यांनाच वाटत होतं, हे चेहऱ्यांवर दिसत होतं. पण सुचवायला कुणी तयार नाही. एवढी मोठमोठी माणसं नखं बघत बसलेली. मला त्यांची कीव आली.

"छप्पर कशाला हवंय?" मी म्हणाले. "आपला संघ हरताना कोरडं बसून बघायचंय का? एक नाही, दोन खेळाडू घ्या. एक गोल मारणारा, एक गोल अडवणारा. बँकेतले पैसे गोल मारत नाहीत."

शेवटचं वाक्य मी आरशासमोर घोकून आले होते. टाळ्यांचा नुसता कडकडाट झाला. आमचे अध्यक्ष, म्हणजे चष्म्याच्या दुकानातले काका, उभं राहून वाजवत होते. ठराव मंजूर झाला आणि काकांनी मला अगदी मायेने विचारलं, "मग भोंगा, कधी पाठवू दोघांना तुमच्याकडे?"

क्लबात मला भोंगा म्हणतात. का, ते एव्हाना कळलं असेल.

"आमच्याकडे कशाला?"

काकांनी भिंतीकडे बोट केलं. घड्याळाखाली क्लबचे नियम लावले होते. मी लहानपणापासून त्यांच्याखाली बसून बिस्किटं खाल्ली होती, वर मान करून वाचले मात्र नव्हते. शेवटचा नियम होता: खेळाडू ज्याने सुचवला, त्याने त्याची राहण्याची सोय करावी.

बाबांच्या हातात माझी बाही अजून तशीच होती.

घरी आईने सगळं ऐकून घेतलं. ती नर्स आहे, तिला कशाचाच धक्का बसत नाही. "सोय काय करायची त्यात?" ती म्हणाली. "तुझी खोली आहे की."

"आई, ती माझी खोली आहे."

"तेच म्हणतेय मी. बोललीस तू, आता निस्तर तूच."

ताई नोकरीसाठी परगावी गेल्यावर ती खोली मला मिळाली होती. खिडकीपाशी टेबल आणि दाराला पितळी कुलूप. बाबांचं खाली कुलूप-किल्ल्यांचं दुकान आहे, वाढदिवसाला त्यांनी ते स्वतः बसवून दिलं होतं. किल्ली मी गळ्यात घालून शाळेत जायचे. आता ती काढून एका लांबलचक, लाजाळू मुलाच्या हातात दिली. त्याचा शर्ट नऊ नंबरचा होता. त्याच्या मागे दुसरा उभा होता, दारातून उजेड येईना इतका रुंद. तो गोलकीपरच्या पुढे उभा राहणारा बचावपटू, त्याला सगळे भिंत म्हणत. मी फ्रिजशेजारी गादी टाकून झोपायला लागले. फ्रिज घुं करायचा आणि आतून भिंत घोरायची.

भिंतीने खरंच गोल अडवले. नऊ नंबरने मात्र एकही मारला नाही. झालं, गावभर माझी शोभा. "काय खायला घालता गं त्याला?" भाजीवाल्या मावशी विचारायच्या, जसं काही मीच त्याच्या पायात वरण भरत होते. गणिताचे सर तर रोज हजेरी घेताना म्हणायचे, "तुमच्या पाहुण्याचे गोल किती? शून्य. शून्याला छपराच्या पैशांनी गुणलं तर काय येतं, भोंगा?" सर त्याच महिन्यात क्लबचे सभासद झाले होते, त्यामुळे त्यांना फारच चेव होता.

दुकानाच्या सुट्टीच्या दिवशी नऊ नंबर खाली शटरवर पेनल्टीचा सराव करायचा आणि मी गोलकीपर व्हायचे. मी त्याचे बॉल धडाधड अडवत होते. माझ्यात एक थोर गोलकीपर दडलाय अशी माझी खात्रीच पटली. मग एकदा लक्षात आलं की ज्या कोपऱ्यात मारायचंय, हा मारण्याआधी त्याच कोपऱ्याकडे टक लावून बघतो. फ्रिजलासुद्धा अडवता आला असता.

मी त्याला सांगितलं नाही. कारण करारात असं होतं की संघ वरच्या गटात टिकला तर दोघं आणखी एक वर्ष राहणार, खाली गेला तर मोकळे. शेवटच्या सामन्यात जिंकलो तरच टिकणार होतो. ज्या बाईने छपराचे पैसे उधळायला लावले, तीच आता मनातल्या मनात पडदे कुठले लावायचे ते ठरवत होती.

सामन्याच्या दिवशी सकाळी नऊ नंबर बूट पुसत पायरीवर बसला होता. "घरी फोन करायची लाज वाटते," तो म्हणाला. "आई एवढंच विचारते, झाला का रे गोल? तू रोज अडवतेस. माझं काय चुकतं, सांग ना."

मी पडद्यांचा विचार करून पाहिला. टिकला नाही.

"डोळे," मी म्हणाले. "जिकडे मारायचं तिकडे बघतोस, येड्या."

तो बघतच राहिला. "आणि हे तू आत्ता सांगतेस?"

"मला खोली हवी होती."

तो इतका हसला की हातातला बूट पडला.

सामना संपत आला तेव्हा बरोबरी होती आणि आम्हाला पेनल्टी मिळाली. छप्पर नसल्याने सगळ्यांची टाळकी तापली होती. नऊ नंबरने डाव्या कोपऱ्याकडे टक लावली. गोलकीपरने डावीकडे झेप घेतली. बॉल उजवीकडून आत गेला.

मी एवढी ओरडले की पुढचे दोन दिवस भोंगा बंद होता. खोलीची आठवण घरी पोचल्यावर झाली, फ्रिजने घुं केलं तेव्हा. भिंत म्हणाली, "दुपारी आम्ही सरावाला जातो. टेबल तुझं तू वापर की." बाबांनी मला दुसरी किल्ली करून दिली. दुपारपुरती का होईना, खोली मिळाली.

पुढच्या सभेत चांगला गोलकीपर घ्यावा का, असा प्रश्न निघाला. मोठी माणसं नखं बघू लागली. मी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले, आणि वर बाबांनी माझी बाही धरून ठेवली होती.

तेवढ्यात गणिताचे सर उभे राहिले. घसा खाकरून म्हणाले, "घ्यायलाच हवा. आणि त्याच्या जोडीला आणखी एक."

सरांचं घर ऐसपैस आहे. वरचा मजला तर रिकामाच असतो.

मी हात मांडीखालून काढले आणि सगळ्यांच्या आधी टाळ्या वाजवायला सुरुवात केली.