धम्मदीपाचा समोरचा दात

मी दुधाचा दात बोलतोय. अनसिंगच्या धम्मदीपाच्या वरच्या हिरडीत, अगदी समोर, माझी जागा होती. मी ऊस सोलला, बोरं फोडली, पेन्सिलींची टोकं चावली. ती दुसरीत गेली आणि मी हलू लागलो.

तिचे बाबा संघपाल म्हणाले, "आपोआप पडू दे."

"अन् शाळेच्या कार्यक्रमात पडला तं?" तिची आई नीलिमा म्हणाली.

स्नेहसंमेलनात धम्मदीपाचं भाषण होतं, स्वच्छतेवर. नीलिमाने पोळ्या लाटता लाटता ते तिच्याकडून पाठ करून घेतलं होतं. भर मंचावर मी निसटलो, रक्त आलं, पोरगी रडली, तर चारचौघांत शोभा होईल, ही तिची भीती.

कार्यक्रमाच्या सकाळी तिने धम्मदीपाला जवळ बसवलं.

"आ कर. पाहू दे."

"मम्मी, भाषन झाल्यावर काढ न."

"हात नाई लावत, बेटा. नुसतं पाहू दे."

धम्मदीपाने तोंड उघडलं. पदराचं टोक माझ्याभोवती आलं, एक हिसका बसला आणि मी बाहेर.

"झालं न? दुखलं का?"

धम्मदीपा रडली नाही. आईच्या हाताकडे पाहत राहिली. मला छपरावर फेकायचं की नाही, हे नीलिमाचं ठरेना. संघपालांना असल्या प्रथा आवडत नसत. म्हणून तिने मला कागदात गुंडाळून पर्समध्ये टाकलं.

भाषण मी तिथूनच ऐकलं.

"थन्माननीय व्याथपीठ..." पहिली रांग हसली. 'थ्वत्थता' आल्यावर सगळा मांडव हसला. ती थांबली. पुन्हा म्हणून पाहिलं, पुन्हा तेच. आता लोक त्या शब्दाची वाटच पाहत होते. कोणीतरी ओरडलं, "अजून एकदा म्हण, बाळा."

नीलिमा मोबाइलवर शूटिंग करत होती. ती हसत होती. तिच्या खांद्याला अडकवलेली पर्स गदगदा हलत होती, म्हणून मला कळलं.

संध्याकाळी ते शूटिंग तिच्या स्टेटसला गेलं. धम्मदीपाने विचारलं,

"मम्मी, तू काहून हासली?"

"मी कायले हासू? लोकं हासले."

धम्मदीपाने मोबाइल उचलून शूटिंग लावलं. लोकांचं हसणं दुरून येत होतं. नीलिमाचं अगदी जवळून, सगळ्यांत मोठं.

संघपाल जेवता जेवता थांबले. "काढ ते स्टेटसवरून."

"राहू द्या न. सगळ्यायले आवडून राह्यलं."

ते राहिलं. धम्मदीपाने पर्समधून मला काढलं आणि अंगणातल्या नळापाशी भिरकावलं. तेव्हापासून मी इथल्या चिखलात आहे.

रोज सकाळी ती इथेच दात घासते. माझ्या जागी नवा आलाय, रुंद, पक्का. 'स' आता स्वच्छ निघतो. पण ती विचारल्याशिवाय बोलत नाही, आणि हसताना तोंडावर हात धरते.

आईबाबांनो, आम्ही पडायलाच आलेलो असतो. आमच्यासाठी एवढी घाई नको. आणि सगळे हसत असतील, तेव्हा तुम्ही तरी हसू नका.

परवा तिचा वाढदिवस होता. नवा फ्रॉक घालून ती अंगणात उभी होती.

"हात काढ. दात दिसू दे," नीलिमा म्हणाली.

"पहिले मोबाइल ठेव."

"मंग फोटो कसा काढू?"

फोटो निघाला, तोंडावर हात असलेला.