कस्तुरबाईंच्या कळशीतलं पाणी

मित्रांनो, मी एक जुनी जीप आहे. जुनी म्हणा, मला राग नाही. पण म्हातारी म्हणायचं काम नाही! आजही माझी चारही चाकं एकदम जोर लावतात, आणि तुमच्या गल्लीतल्या त्या चकचकीत गाड्या चिखल बघूनच मागं फिरतात. माझ्या गिअरशेजारी एक आखूड दांडी आहे. ती ओढली की माझा वेग माणसाच्या चालीइतका कमी होतो आणि अंगात बैलजोडीचं बळ येतं. ही दांडी ध्यानात ठेवा, पुढं तिचं काम पडणार आहे.

माझा जन्म मुंबईच्या कारखान्यात झाला म्हणतात. मला कळायला लागलं ते मात्र डिंभ्याच्या धरणावर. तिथं मी साहेब लोकांना घेऊन दगडधोंड्यांतून हिंडले. काम संपल्यावर माझा लिलाव झाला आणि पारगावच्या रखमाजींनी मला घरी आणलं. त्यांच्या बायकोनं, बयाबाईंनी, माझ्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला, चाकाखाली लिंबू ठेवलं आणि बॉनेटला कुंकू लावलं. सरकारी गाडीला कोण कुंकू लावतो? मी अगदी हरखून गेले.

काय दिवस होते ते! सकाळी दुधाच्या किटल्या, दुपारी कांद्याच्या गोण्या, लग्नसराईत नवरदेव. नवरदेव एक आणि त्याच्याबरोबर अख्खी भावकी, काही आत, काही बॉनेटवर आणि राहिलेली मागं लोंबकळत. कारखाना सुरू झाला की उसाच्या फडात ट्रॅक्टरची ट्रॉली रुतायची. मग कुणीतरी पळत यायचं, रखमाजी ती आखूड दांडी ओढायचे आणि मी ट्रॉलीला दोर लावून हळूहळू बाहेर काढायची. ऊसतोडीला आलेली माणसं टाळ्या वाजवायची. मला तेव्हा फार फुशारकी यायची, खोटं कशाला सांगू.

पुढं रखमाजींचे गुडघे दुखायला लागले, पोरांनी पिकअप घेतली आणि मला गोठ्यामागं नेऊन उभं केलं. तिथं मी किती वर्षं उभी होते ते मोजलंच नाही. टायर बसले, टप फाटला, सीटमधून गवत वर आलं. सुरुवातीला रडू यायचं. मग बयाबाई माझ्या बॉनेटवर कुरडया वाळत घालायला लागल्या आणि कोंबड्यांना माझं घर पसंत पडलं. रिकामी तर नव्हते ना मी! पण कुणी मला फिरायला नेत नव्हतं, याचं दुःख होतंच.

अशात एका रविवारी संयम आला. जुन्नरच्या बाजारपेठेत त्याच्या वडिलांचं, केवलचंद शेठचं, भांड्यांचं दुकान आहे. आठवडाभर पातेली विकायची आणि रविवारी जुन्या जीप शोधत गावोगाव हिंडायचं, हा त्याचा छंद. तो माझ्याभोवती फिरला, खाली उताणा झोपून चेसिस बघितली आणि उठला तो हसतच. व्यवहार ठरला. पण तो दार उघडायला गेला तशा बयाबाई आडव्या आल्या.

ड्रायव्हरच्या सीटवर त्यांची कोंबडी खुडूक बसली होती, अंड्यांवर.

दुसरा कुणी असता तर टोपली मागितली असती. संयम जैनाघरचा मुलगा, त्यानं हात मागं घेतला आणि म्हणाला, "पिल्लं निघू द्या मावशी. मला घाई नाही." मग तो दर रविवारी यायचा, बॉनेट हळूच उघडायचा आणि कोंबडीला धक्का न लावता काय काय बदलायचं ते बघून जायचा. पिल्लं खाली उतरून दाणे टिपायला लागली, त्या दिवशी मी ट्रॅक्टरला बांधून जुन्नरला निघाले. रखमाजी पडवीत पाठ करून बसले होते. तेवढं मात्र मला बघवलं नाही.

जुन्नरला माझं स्वागत कसं झालं म्हणता? केवलचंद शेठ दुकानाच्या पायरीवर आले, मला खालून वर बघितलं आणि विचारलं, "लोक भंगार विकतात. तू विकत आणलंस?"

तरी संयमनं जिद्द सोडली नाही. दुकानामागच्या बोळात माझं इंजिन उतरलं. पुण्याच्या जुन्या बाजारातून कुठून दिवे आले, कुठून स्टेअरिंग आलं. त्याची बायको डिंपल दुपारी ओढणी डोक्याला गुंडाळून माझा गंज खरवडायची आणि खरवडता खरवडता मला तिच्या सासऱ्यांच्या गमती सांगायची. संयमची आई कस्तुरबाई खिडकीतून बघायच्या आणि दोघांना ताक पाठवायच्या. शेठ मात्र रोज नाक मुरडून जायचे. शेवटी मी हिरव्यागार रंगात, नव्या टपासह उभी राहिले आणि ओझरला विघ्नहराचं दर्शन घेऊन न थांबता परत आले. शेठ एवढंच म्हणाले की एकदा गेली म्हणजे दरवेळी जाईल असं नाही.

मग पर्युषण आलं, जैनांचं उपासतापासाचं पर्व. कस्तुरबाईंनी अठ्ठाई केली. अठ्ठाई म्हणजे आठ दिवसांचा उपास, पोटात फक्त उकळून गार केलेलं पाणी, तेही सूर्य मावळायच्या आत. असं तप करणाऱ्या माणसाला सजवलेल्या गाडीत बसवून बाजारातून मिरवतात, त्याला वरघोडा म्हणतात. शेठनी बग्गी सांगायची ठरवली. कस्तुरबाई म्हणाल्या, बसेन तर संयमच्या जीपमध्ये. उपाशी बाईला नाही कोण म्हणणार? शेठनी मान डोलावली, पण संयमला बाजूला घेऊन बजावलं की भर बाजारात ही बंद पडली आणि घराचं हसं झालं, तर तिथूनच तिला भंगारवाल्याकडं धाडीन, मग रडायचं नाही.

मी ते ऐकलं. माझ्या नटबोल्टांना घाम फुटला!

वरघोड्याच्या सकाळी रखमाजी आणि बयाबाई पारगावहून आले, पिकअपमध्ये आपल्या शेतातला झेंडू क्रेट भरभरून घेऊन. लेकीच्या सासरी कार्य असावं तशी त्यांची धांदल चालली होती. तेवढी फुलं बघून केवलचंद शेठना एकदम हुरूप आला. आपल्या घरचा वरघोडा, कसा उठून दिसला पाहिजे! त्यांनी सगळ्या फुलांचे हार करवून घेतले आणि स्वतःच्या हातानं माझ्या तोंडावर बांधले. एकावर एक, एकावर एक. माझी पुढची जाळी दिसेनाशी झाली. ज्या माणसानं मला भंगार म्हटलं तो मला हार घालतोय, म्हणून मी खुळ्यासारखी लाजत उभी राहिले. संयम तेव्हा बँडवाल्यांशी बोलत होता.

वरघोडा निघाला. पुढं बँड, मग स्तवनं म्हणणाऱ्या बायका आणि मागं मी, स्टेअरिंगवर संयम. माझ्या मागच्या सीटवर लाल साडीतल्या कस्तुरबाई आणि त्यांच्या शेजारी पाण्याची कळशी धरून डिंपल. चाल मुंगीची. मित्रांनो, इंजिनाला वारा लागतो तो पुढच्या जाळीतून, आणि माझ्या जाळीवर तर झेंडूची भिंत होती. मशिदीच्या चौकापर्यंत माझा जीव घुसमटायला लागला. भर बाजारपेठेत बॉनेटमधून वाफ उसळली, मी दोन आचके दिले आणि बंद पडले.

बँड थांबला. कुणीतरी गर्दीतून बोललं, "गाडीचा बी उपास हाय काय, राव?" सगळी बाजारपेठ हसली. केवलचंद शेठचा चेहरा पडला. ते संयमकडं बघायला लागले आणि मला कळलं, आता माझं संपलं. गोठ्यामागं एवढी वर्षं काढली तेव्हा मी मेले नाही, आणि आज नटूनथटून मरणार!

संयमनं बॉनेट उघडलं, वाफेत हात घालून बघितलं आणि हळूच म्हणाला, "पप्पा, हार काढायला हवेत. हिला वारा मिळत नाही."

शेठ स्वतःच पुढं झाले. त्यांनीच बांधलेल्या गाठी होत्या, त्यांनाच सुटेनात. रखमाजींनी खिशातून चाकू काढून दिला आणि दोघं म्हातारे खाली वाकून हार कापायला लागले. पंख्यात अडकलेल्या पाकळ्या बयाबाईंनी वेचल्या. रेडिएटर निवेपर्यंत बायकांनी माझ्याभोवती फेर धरला, बँडवाल्यांनीही मग सूर लावला. हसणारी माणसं टाळ्यांचा ठेका धरून उभी राहिली. टोपण उघडलं तर आत पाणी नावाला उरलेलं. कुणी नळाकडं धावणार, तेवढ्यात कस्तुरबाई बोलल्या. आठ दिवसांच्या उपासानं आवाज बारीक झाला होता, पण सगळ्यांना ऐकू गेला.

"माझी कळशी घ्या. उकळलेलं पाणी तिला चांगलं. आज दोघी मिळून वाटून घेऊ."

शेठ म्हणाले, तुझ्या वाटणीचं पाणी आहे ते. पण कस्तुरबाईंनी कळशी पुढं केली ती केलीच. मित्रांनो, डिंभ्याच्या धरणाकाठी मी उमेदीचे दिवस काढलेत, पण तसं पाणी मी कधी प्याले नव्हते. मला इतकं भरून आलं की काय सांगू. संयमनं स्टार्टर दाबला, मी खोकले. पुन्हा दाबला आणि मी गरजले! मग त्यानं ती आखूड दांडी ओढली. ज्या दांडीवर मी फडातल्या ट्रॉल्या ओढल्या, त्याच दांडीवर मी कस्तुरबाईंना बायकांच्या चालीनं, एकही हिसका न देता देरासरापर्यंत, म्हणजे जैन मंदिरापर्यंत नेलं. रखमाजी माझ्या मडगार्डवर हात ठेवून शेवटपर्यंत बाजूनं चालत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी पारणं होतं. उपास सुटताना तपस्व्याला घरची माणसं आपल्या हातानं मुगाचं पाणी पाजतात. सगळे जमले, वाटी तयार, आणि केवलचंद शेठच कुठं दिसेनात. डिंपल शोधत बोळात आली तर ते माझ्यापाशी. बॉनेट उघडलेलं, हातात कस्तुरबाईंची कळशी. धार रेडिएटरमध्ये पडत होती.

"घे बाई," ते मला म्हणत होते, "तुझंही पारणं होऊ दे."

तेव्हापासून भंगार हा शब्द त्या घरात कुणी काढत नाही. तुम्हालाही माझं एवढंच मागणं आहे. तुमच्या घरात, गोठ्यामागं, माळ्यावर माझ्यासारखं कुणी जुनं असेल, तर त्याला नुसतं नटवू नका. त्याचं पाणी बघा, तेल बघा, त्याला वारा लागतोय का बघा, आणि अधूनमधून फिरवून आणा. हार घालायचाच असेल तर आरशाला घाला, आमची ना नाही. बाकी तुम्ही जुन्नरला आलात तर भांड्यांच्या दुकानामागच्या बोळात या. सकाळी लवकर या, म्हणजे शेठ कळशी घेऊन उभे असलेले दिसतील.