वाढत्या अंगाची गाडी

मी एक जुनी एटीव्ही आहे आणि मला लहान मुलं अजिबात आवडत नाहीत. मित्रांनो, तुम्हाला मित्र म्हणते ते केवळ रीत म्हणून. तुमच्यापैकी कुणी माझ्या जवळपास फिरकलेलं मला खपणार नाही. का, ते आधी ऐका आणि मग खुशाल मला नावं ठेवा.

मोटारसायकलीसारखं हँडल, ट्रॅक्टरला शोभतील अशी चार जाड चाकं आणि मधे लांब बैठक, असं माझं रूप. वजन तीनशे किलो. कारखान्यातून निघाले तेव्हा माझ्या अंगावर एक पिवळी चिठ्ठी होती. सोळा वर्षांखालच्या मुलांनी ही गाडी चालवू नये, असं तिच्यावर ठसठशीत छापलं होतं. वेंडेलने मला अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यात, त्याच्या कुरणावर आणलं आणि पहिलं काम काय केलं असेल, तर ती चिठ्ठी नखाने खरवडून काढली. म्हणाला, "घाण दिसते."

अकरा वर्षं मी त्याच्याकडे राबले. कुंपणाच्या तारा वाहिल्या, गुरांसाठी मिठाच्या लाद्या वाहिल्या, जानेवारीच्या बर्फात नुकती जन्मलेली वासरं पुढच्या जाळीवर घेऊन घरी आणली. मी लगेच सुरू झाले की "घोड्यापेक्षा गुणी, चाराही मागत नाही" म्हणून चारचौघांत माझं कौतुक व्हायचं. थंडीने मी अडून बसले की बुटाची लाथ मिळायची. तेल बदलायचं त्याला कधी सुचलं नाही. असा हा माणूस मला मुळीच आवडत नसे. पण तो अंगाने भरभक्कम होता. वाळूच्या उतारावर तो आपला सगळा भार टेकडीच्या बाजूला टाकायचा आणि मी सरळ राहायचे. बैठक लांब असते ती त्यासाठी, दुसऱ्या माणसाला मागे बसवायला नव्हे. आमचं पटत नव्हतं, पण तोल जमत होता.

त्याच आवारात त्याचा धाकटा भाऊ गॅरेट राहायचा. गॅरेटची बायको डार्ला, मुलगी कोरा. कोराला नववं लागलं होतं. त्या भागात नवव्या वर्षी मुलांना वासरांच्या डागणीला, म्हणजे तापल्या लोखंडाने मालकाची खूण उमटवायच्या दिवशी, पहिल्यांदा कळप हाकायला घेतात. सगळे शेजारी जमतात, सगळे बघतात. त्यासाठी कोराला गाडी हवी होती. डार्लाने एका शिक्षिकेकडून लहान मुलांची एक लाल गाडी आणली. वेंडेल ती बघायला आला आणि कमरेवर हात ठेवून हसला.

"हे काय आणलंस, डार्ला? हिच्यावर बसून पोरगी गुरं वळणार की कोंबड्या?"

"कोंबड्या वळल्या तरी चालेल, भावोजी. धडधाकट घरी आली म्हणजे झालं."

"वर्षभरात लहान पडेल. मग पुन्हा नवी शोध. त्यापेक्षा माझी घे ना, वाढत्या अंगाची आहे."

त्या घरात बूट असेच घेत. एक माप मोठे घ्यायचे, पुढे कागदाचा बोळा कोंबायचा. वेंडेल तसाच वाढला, गॅरेटही तसाच वाढला. बुटांचं ठीक आहे. बूट सैल झाला तर पोर अडखळतं, गुडघा फुटतो. तीनशे किलोची गाडी सैल झाली तर काय होतं, एवढा विचार करायला डोकं लागतं.

डार्लाला ते होतं. तिने कोराला लाल गाडीवर उभं केलं. बैठक आणि कोराची चड्डी यांत वीतभर अंतर राहिलं. हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत वळवायला लावलं, कोपर वाकलेलंच राहिलं. बोटं ब्रेकवर पोचली. अंगठ्याने वेग वाढवायच्या कळीला एक स्क्रू होता, तो आवळला की गाडी चालण्याच्या वेगापुढे जात नसे. मागे एक दोरी होती. ती आईने ओढली की इंजिन बंद.

"आता हिच्यावर बस," डार्ला म्हणाली आणि माझ्याकडे बोट केलं.

कोरा माझ्यावर उभी राहिली तरी बैठकीला टेकलेलीच. हँडल वळवलं तर हँडलामागे अख्खी मुलगी ओढली गेली. पायाच्या ब्रेकपर्यंत पाय पोचेचना.

"बघितलंत?"

"त्यात काय एवढं?" वेंडेल शेडमध्ये गेला आणि लाकडाचा एक ठोकळा आणून त्याने माझ्या ब्रेकच्या पेडलवर बोल्टने पिळला. "झालं. आम्हाला बाबांनी ट्रॅक्टरला असेच ठोकळे लावून दिले होते. मेलो का आम्ही?"

"तुम्ही दोघं नाही मेलात," डार्ला म्हणाली. "तुम्ही तिघं भाऊ होतात."

त्या तिसऱ्या भावाचं, लहानपणीच ट्रॅक्टरखाली गेलेल्या रॉसचं, नाव त्या आवारात कुणी काढत नसे. वेंडेलचा चेहरा लालबुंद झाला. "त्याचा ठोकळ्याशी काही संबंध नव्हता! तोंड सांभाळून बोल."

गॅरेट टोपीची कड चाचपत उभा होता. असल्या गप्प बसणाऱ्या माणसांचा मला वेंडेलपेक्षाही जास्त संताप येतो.

"मला काकांचीच हवी," कोरा म्हणाली. "लाल गाडीवर सगळे मला हसतील."

"एक चक्कर मारू दे तिला," शेवटी गॅरेटच्या तोंडून निघालं. "आवारातल्या आवारात."

"गॅरेट, तू बाप आहेस ना तिचा?"

"एकच चक्कर, डार्ला."

कोराचं वजन तीस किलोही नसेल. माझ्यावर कुणी बसलंय हे मला धड जाणवतही नव्हतं. अर्धी चक्कर नीट झाली, वेंडेलने टाळ्यासुद्धा वाजवल्या. पाण्याच्या टाकीपाशी वळताना ती बाहेरच्या अंगाला घसरली. घसरणारं माणूस हातात असेल ते घट्ट धरतं. तिने हँडल धरलं आणि त्याबरोबर तिचा अंगठा वेगाच्या कळीवर रुतला. भीती कुठली आणि हुकूम कुठला, हे मला कळत नाही. दाबलं की मी पळते. ती ब्रेकवर पाय मारत होती, पण ठोकळा पेडलवरच गरकन फिरला. माझं पुढचं चाक टाकीच्या बांधावर चढलं आणि मी उलटले. कोरा खाली होती.

दोघा भावांनी मला उचललं. कोराच्या मांडीचं हाड मोडलं होतं. वेंडेल तिला उचलून घ्यायला वाकला.

"तिला हात लावू नका," डार्ला म्हणाली. ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

कोरा सबंध उन्हाळा कमरेपर्यंत प्लास्टरमध्ये पडून होती. डागणी तिच्याशिवाय झाली. नंतर डार्लाने रिवाजाप्रमाणे सगळ्या शेजाऱ्यांना राजमा-खिम्याची चिली आणि दालचिनीचे गोड रोल वाढले. वेंडेल आपल्या पिकअप ट्रकच्या मागच्या फळीवर बसून होता. त्याला कुणीही ताट नेऊन दिलं नाही. मला शेडच्या मागे फेकून दिलं. उंदरांनी माझी बैठक कुरतडली, चाकांतली हवा गेली. पुढच्या वसंतात कोरा जराशी लंगडत आली आणि लाल गाडीवर बसून कळप हाकू लागली. कुणी हसलं नाही. येता-जाता ती माझ्या चाकावर थुंकते. थुंकू दे. तिचा तेवढा हक्क आहे.

मित्रांनो, रीतीप्रमाणे आता मी तुम्हाला उपदेश करायला हवा. तर ऐका. गाडी तुमच्या आजच्या मापाची घ्या, पुढच्या वर्षाच्या नव्हे. डोक्यावर हेल्मेट, पायात बूट, बैठकीवर एकच जण. आणि कुणी काका "काही होत नाही" म्हणाला, तर त्याला विचारा, कुणाला काही झालं नाही? मला धुऊन-पुसून ठेवा, अशी विनवणी मी करणार नाही. माझ्यापासून लांब राहा, एवढीच करते.

मागच्या आठवड्यात वेंडेलने मला विकायला काढलं. हवा भरली, नवी बैठक चढवली. शनिवारी लांबच्या गावाहून एक माणूस सात वर्षांच्या मुलीला घेऊन आला. वेंडेल किल्ली आणेपर्यंत त्याने तिला माझ्यावर बसवूनही टाकलं.

"हिच्यासाठी हवीय?" वेंडेलने विचारलं.

"हो. जरा मोठी आहे, पण पोरगी हाडापेराने मजबूत आहे."

वेंडेलने किल्ली खिशात टाकली. "विकायची नाही."

"अहो, पाटी लावलीय ना तुम्ही?"

"मोठ्या माणसासाठी लावलीय. तुम्ही जा."

माणूस चिडला. "मुलगी माझी आहे. तिचं काय ते मी बघून घेईन."

"मी दोनदा बघितलंय," वेंडेल म्हणाला. "आधी तिला खाली उतरवा."