नंदीच्या पायांमधली फट

मित्रांनो, मी एक जुना बुटका पेचकस आहे. मूठ लिंबाएवढी आणि दांडा करंगळीहून आखूड. मला पाहून लोक हमखास विचारतात, "याचा बाकीचा भाग कुठे गेला?" कुठे जाणार? कारखान्यातून निघालो तेव्हाही मी एवढाच होतो. माझ्या लांब भावंडांना जिथे वळायला जागा नसते, त्या सांदीकोपऱ्यांसाठीच माझा जन्म झाला.

सीताबर्डीच्या एका ठेल्यावरून दुर्गेशदादांनी मला आणलं. ते कूलर दुरुस्त करतात. मोटर आणि जाळीच्या मधे बोटं जेमतेम शिरतात, तिथे माझं काम. काय काय पाहिलं मी तिथे! वाळ्याच्या काड्या, पालीची अंडी, एकदा तर कुणाचा तरी दात घासायचा ब्रश. तो तिथे गेला कसा, याचं कोडं मला अजून सुटलेलं नाही. "हा बुटका नसता तर अख्खा कूलर खोला लागला असता," असं दादा म्हणायचे आणि मी फुलून जायचो.

मग एका उन्हाळ्यात मी त्यांच्या घामेजल्या हातातून निसटलो आणि त्यांच्याच घरच्या कूलरमागे पडलो. दादांनी थोडी शोधाशोध केली, मग स्क्रू फिरवायची बॅटरीवरची लांबलचक मशीन घेतली. मी गंजत पडलो. राग आला होता, खोटं कशाला बोलू?

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या नागपुरात मारबतीच्या पुतळ्याची मिरवणूक निघते आणि लोक घरातली इडापीडा तिच्याबरोबर धाडून देतात. दादांच्या बायकोने, काजलवहिनींनी, त्याच मुहूर्तावर कूलरमागचा कचरा उपसला. मी हाती लागलो. "हे पाहा, तुटका पेचकस! घेऊन जा गे मारबत!" म्हणत त्यांनी मला भंगाराच्या पोत्यात टाकलं. मला इडापीडेत काढलं, मित्रांनो!

त्याच संध्याकाळी तान्हा पोळा होता. मुलं लाकडी नंदी सजवून मैदानात नेतात, मग घरोघर फिरून बोजारा, म्हणजे खाऊ आणि पैसे, मिळवतात. दादांची लेक खुशी हिचा नंदी मात्र डगमगत होता. गेल्या वर्षी तो भर मैदानात आडवा झाला, पोरं हसली आणि ती रडत घरी आली. यंदा नंदी नीट उभा राहिला नाही तर ती जाणारच नव्हती.

मागच्या दोन पायांच्या आतल्या बाजूला एक स्क्रू ढिला झाला होता. चाकांची पट्टी त्यानेच धरलेली. दादांची मशीन त्या फटीत शिरेना. "आत जाऊनच नाही राहिली. पाय कापून पुन्हा चिकटवा लागते," ते म्हणाले.

"नोको बाबा! पाय नोको कापू!" खुशी ओरडली. तिने बोटं घालून फट मोजली आणि तेवढंच काहीतरी शोधत पोतं उलटं केलं. मी घरंगळलो. तिने मला फिरवून फिरवून पाहिलं.

"आई वं, याची मूठ चांगली आहे, टोकही चांगलं आहे. मग हा तुटला कुठून?"

काजलवहिनी मला निरखू लागल्या. दादा मात्र उडालेच. "अवं, हा तर आपला बुटका!"

त्यांचा पंजा फटीत मावला नाही, खुशीचा मावला. पहिल्याच वळशाला मी घसरलो. गंजाने माझी पकड गेली होती. मला भारी लाज वाटली. दादांनी टोक घासून दिलं. खुशीने ओठ दाबून पुन्हा जोर लावला, आणि या वेळी मी स्क्रूला सोडलं नाही.

मैदानात नंदी ताठ उभा राहिला. मग शेजारच्या शोभाताई आपल्या दारात त्याला कुंकू लावत होत्या, तेव्हा खुशीने मला खिशातून काढलं. "काकू, यालेही लावा." शोभाताई हसल्या, पण लावलं!

मित्रांनो, एखादी वस्तू मोडकी ठरवण्याआधी तिचं काम काय ते विचारा. काम झालं की पुसून ठेवा. आणि कृपा करून आमच्या टोकाने रंगाचे डबे उघडू नका.

घरी आल्यावर काजलवहिनींनी मला तेलाचं बोट लावलं. दांडा चोळला, टोक चोळलं. मुठीवरचं कुंकू मात्र त्यांनी पुसलं नाही.